४६ वर्षांची जखम आणि रुग्णांचा सेवक : संत कॅमिलस द लेलिस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस द लेलिस ह्यांचा स्मृतिदिन पाळते. रुग्ण, इस्पितळे आणि परिचारिका ह्यांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ज्यांनी असंख्य रुग्णांचे दुःख हलके केले, ते संत कॅमिलस स्वतः आयुष्यभर रुग्ण होते. तारुण्यात त्यांच्या पायाला झालेली जखम मरेपर्यंत, म्हणजे ४६ वर्षे, भरून आली नाही. तिने त्यांचा जीव घेतला नाही आणि त्यांना सोडलेही नाही.

आज आपल्या घराघरांत अशी माणसे आहेत. कुणाचे गुडघे झिजले आहेत, कुणाच्या पायांची मधुमेहामुळे आग होते, कुणी अर्धांगवायूनंतर आखडलेला खांदा सांभाळत अंथरुणावर पडून आहे. कर्करोगाचे नाव निघताच सारे कुटुंब धावून येते, पण ह्या जुन्या दुखण्यांची हाक पुष्कळदा कुणाच्या कानावर पडत नाही. अशा रुग्णांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ह्या संताचे चरित्र आम्ही आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

जुगारी शिपाई

कॅमिलसचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको ह्या गावी झाला. हे गाव तेव्हा नेपल्सच्या राज्यात मोडत असे. वडील जोव्हान्नी हे पेशाने शिपाई होते. आई कमिल्ला हिचे वय त्याच्या जन्माच्या वेळी पन्नाशीच्या घरात होते. आपला मुलगा छातीवर तांबडा क्रूस लावून इतर मुलांच्या पुढे चालत आहे, असे स्वप्न तिला पडल्याचे सांगतात. हा पुढे एखाद्या लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या होणार, अशी धास्ती त्या माउलीने घेतली. स्वप्नाचा खरा अर्थ कळण्याआधीच, मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना, तिने डोळे मिटले.

आईविना वाढलेला हा उंचापुरा, तापट मुलगा वडिलांच्या मागोमाग सैन्यात गेला. तेथे त्याला दोन गोष्टी चिकटल्या, जुगाराचे व्यसन आणि पायावरची जखम. वडील लवकरच वारले. जखम चिघळत गेली, तेव्हा १५७१ साली उपचारांसाठी तो रोममधील सान जाकोमो इस्पितळात दाखल झाला. बरे न होणाऱ्या रुग्णांचे इस्पितळ म्हणून ते ओळखले जाई. तेथे तो उपचार घेई आणि नोकर म्हणून कामही करी. परंतु पत्ते, फासे आणि भांडणे ह्यांपायी काही महिन्यांतच त्याला बाहेरचा रस्ता दाखविण्यात आला.

पुन्हा शिपाईगिरी, पुन्हा जुगार. १५७४ सालच्या अखेरीस तर अंगावरचा सदराही पणाला लावून तो हरला. कफल्लक होऊन भटकत भटकत तो मानफ्रेदोनिया येथे पोहोचला. तेथे कापुचिन संन्याशांच्या मठाचे बांधकाम चालू होते. त्या बांधकामावर तो मजूर म्हणून राहिला.

ह्याच काळात मठाच्या कामासाठी त्याला सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात पाठविण्यात आले. तेथील प्रमुखांनी त्याच्याशी परमेश्वराविषयी मनापासून बोलणे केले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, प्रभूच्या समर्पणाच्या सणाच्या दिवशी, परतीच्या वाटेवर कॅमिलसच्या अंतःकरणाचा बांध फुटला. वाटेवरच गुडघे टेकून त्याने आपल्या गतायुष्याबद्दल अश्रू ढाळले. पुढे विसाव्या शतकात ह्याच सान जोव्हान्नी रोतोंदो गावी संत पाद्रे पिओ ह्यांनी आपले आयुष्य घालविले आणि १९५६ साली दुःखनिवारणाचे घर ह्या अर्थाचे नाव असलेले मोठे इस्पितळ सुरू केले, हे येथे सांगावेसे वाटते.

जखमेने अडविलेली वाट, जखमेनेच दाखविलेली वाट

कॅमिलस ह्यांनी कापुचिन होण्याचा निश्चय केला. त्यांना नवदीक्षित म्हणून घेण्यातही आले. परंतु जाड्याभरड्या झग्याची कड पायावर घासू लागली आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडली. संघाच्या नियमाप्रमाणे त्यांना परत जावे लागले. बरे वाटल्यावर ते पुन्हा गेले. जखम पुन्हा उघडली आणि त्यांना पुन्हा परत पाठविण्यात आले. ज्या आयुष्याची त्यांना ओढ लागली होती, ते एका न भरणाऱ्या व्रणाने त्यांच्यापासून हिरावून घेतले.

दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्यांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. वेदना केवळ शरीराला होत नाही. ती माणसाचे काम हिरावते, झोप हिरावते, मिस्सेला जाण्याची वाट अडविते, सणासमारंभातून माणसाला बाजूला काढते. हळूहळू घरच्यांना त्या कण्हण्याची सवय होते आणि रुग्णाला वाटू लागते, की आपले म्हणणे आता कुणालाच खरे वाटत नाही.

कॅमिलस सान जाकोमो इस्पितळात परतले. ह्या वेळी मात्र ते वेगळ्या डोळ्यांनी भोवताली पाहू लागले. आपल्या शेजारच्या खाटेवर काय चालले आहे, हे त्यांना दिसू लागले. पगारी नोकर रुग्णांकडे दुर्लक्ष करीत. घाणेरडी अंथरुणे तशीच राहत. ज्याला हात उचलता येत नाही, त्याच्या पुढ्यात अन्न ठेवून नोकर निघून जात. मरणासन्न माणसाच्या उशाशी प्रार्थनेचा शब्द उच्चारणारे कुणी नसे. काही वेळा पूर्ण प्राण जाण्यापूर्वीच माणसाला मृत समजून हलविले जाई, असे चरित्रकार नोंदवितात.

१५७९ च्या सुमारास कॅमिलस ह्याच इस्पितळाचे कारभारी झाले. रुग्ण म्हणून आलेला, नोकर म्हणून काढून टाकलेला माणूस आता तेथील व्यवस्था पाहू लागला. रोमचे लाडके धर्मगुरू संत फिलिप नेरी हे ह्या काळात त्यांचे पापनिवेदन ऐकत. १५८२ च्या ऑगस्टमध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, कॅमिलस ह्यांच्या मनात एक विचार आला. पगारासाठी नव्हे, तर परमेश्वराच्या प्रीतीखातर रुग्णांची सेवा करणाऱ्या माणसांचा एक गट का उभारू नये? आई जशी आपल्या एकुलत्या एक आजारी लेकराची काळजी घेते, तशी सेवा त्या माणसांनी करावी.

विरोध झाला. इस्पितळाच्या चालकांना ही कल्पना रुचली नाही. खुद्द फिलिप नेरी ह्यांनाही कॅमिलस ह्यांनी इस्पितळ सोडू नये असे वाटत होते. निराशेच्या घटकेत क्रुसावरच्या प्रभूने आपले हात मोकळे करून त्यांना धीर दिला आणि हे कार्य तुझे नसून माझे आहे अशी जाणीव करून दिली, अशी परंपरागत कथा आहे. कॅमिलस खचले नाहीत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते लहान मुलांच्या वर्गात बसून लॅटिन शिकले. २६ मे १५८४ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

तांबड्या क्रुसाचे सेवक

कॅमिलस ह्यांनी आपल्या सोबत्यांसह रोमच्या सांतो स्पिरितो ह्या प्रचंड इस्पितळात सेवा सुरू केली. १८ मार्च १५८६ रोजी पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी त्यांच्या मंडळीला मान्यता दिली आणि त्याच वर्षी २६ जून रोजी काळ्या झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगी मिळाली. आईच्या स्वप्नातला क्रूस तो हाच. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे ह्यांनी ह्या मंडळीला धर्मसंघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या तीन व्रतांसोबत ह्या संघाचे सदस्य चौथे व्रत घेतात. स्वतःच्या जिवाला धोका असतानाही रुग्णांची सेवा करण्याचे ते व्रत आहे.

हे व्रत केवळ कागदावर राहिले नाही. १५८८ साली नेपल्सच्या बंदराबाहेर साथीच्या रोग्यांनी भरलेली गलबते अडवून धरण्यात आली होती, तेव्हा कॅमिलस ह्यांचे सेवक त्यांवर चढले. त्यांपैकी दोघांनी तेथे प्राण वेचले. १५९५ आणि १६०१ साली हंगेरीच्या बाजूला चाललेल्या लढायांत संघाचे सदस्य जखमी सैनिकांच्या सेवेसाठी रणभूमीवर गेले. आज सर्वपरिचित असलेली रेड क्रॉस संघटना १८६३ साली स्थापन झाली आणि तिचे चिन्ह स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून घेतलेले आहे. दोन्ही क्रूस वेगळे असले, तरी रणांगणावर दिसणारा सेवेचा तांबडा क्रूस जगाने तिच्याही अडीचशे वर्षे आधी पाहिला होता. १५९८ च्या नाताळच्या दिवसांत टायबर नदीला महापूर आला, तेव्हा कॅमिलस ह्यांनी दुखऱ्या पायाने पाण्यातून वाट काढीत सांतो स्पिरितोच्या रुग्णांना उचलून उचलून वरच्या मजल्यावर नेले.

औषधांवाचून वेदनेशी सामना

त्या काळी वेदनेवर फारसे औषध नव्हते. अफूपासून मॉर्फिन वेगळे काढण्यात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि इथरच्या भुलीने शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ साली. मग कॅमिलस ह्यांच्या हाती काय होते? स्वच्छ चादर होती. उघडलेली खिडकी होती. पडून राहिलेल्या माणसाला हळुवारपणे कुशीवर वळविणे होते, त्याच्या तोंडात घास भरविणे होते, संसर्ग झालेल्यांना वेगळे ठेवणे होते. आणि सर्वांत मोठे म्हणजे ऐकून घेणे होते. सेवकांच्या हातांत अधिक काळीज असावे, असा त्यांचा नेहमीचा आग्रह असे. श्वास थांबल्यासारखा वाटला, तरी आणखी पाव तास प्रार्थना चालू ठेवावी आणि तोवर मृतदेहाला हात लावू नये, असा नियमही त्यांनी घालून दिला.

ह्यातील एकही गोष्ट जुनी झालेली नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळच्या वेळी न बदलल्यामुळे होणाऱ्या जखमा आजही अनेक घरांत मोठ्या वेदनेचे कारण ठरतात आणि त्या टाळणे हे घरच्यांच्याच हाती असते.

कॅमिलस ह्यांची स्वतःची दुखणी वयाबरोबर वाढत गेली. पायाची जखम होतीच. अंतर्गळाचा त्रास सुमारे ३८ वर्षे होता. तळपायाला वेदनादायक घट्टे पडले होते. मूतखड्याच्या कळा जवळजवळ दहा वर्षे येत राहिल्या. अखेरच्या काळात तर अन्न पोटात ठरेनासे झाले. ह्या साऱ्या दुखण्यांना ते परमेश्वराच्या कृपा म्हणत. परंतु ह्या श्रद्धेचा आधार घेऊन त्यांनी दुसऱ्याच्या सेवेत कधी कसूर केली नाही. १६०७ साली त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले ते रुग्णसेवेला अधिक वेळ देता यावा म्हणून. उभे राहवत नसे, तेव्हाही ते रात्री अंथरुणातून उठत आणि अक्षरशः सरपटत एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जाऊन कुणाला काय हवे-नको ते विचारीत. १४ जुलै १६१४ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेवला. १७४६ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १८८६ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी संत जॉन ऑफ गॉड ह्यांच्यासह त्यांना रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते घोषित केले आणि १९३० साली पोप पायस अकरावे ह्यांनी परिचारिकांचे.

जुने दुखणे आणि नवा आजार

संत कॅमिलस ह्यांच्या शेवटच्या आजारातून आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. ज्या विकाराने त्यांचा अंत जवळ आणला, तो पोटाचा होता. पण म्हणून पायाची जखम दुखायची थांबली नव्हती. मरणाच्या वाटेवरील माणसाला दोन वेदना असू शकतात, नव्या आजाराची आणि जुन्या दुखण्याची.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक शुश्रूषा, ह्या वैद्यकीय शाखेतील तज्ज्ञ आज नेमका हाच भेद करावयास सांगतात. ही शुश्रूषा केवळ कर्करोगासाठी नाही. हृदय, फुप्फुसे वा मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्यांनाही तिची गरज असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येतून स्पष्ट झाले आहे. कर्करोगाच्या रुग्णालाही वीस वर्षांपूर्वीची कंबरदुखी असू शकते. उपचारांमुळे असे रुग्ण आता पुष्कळदा काही वर्षे जगतात. म्हणून प्रत्येक दुखण्याची वेगळी चौकशी व्हावी लागते. कुठे दुखते, केव्हापासून दुखते, आग होते की ठणका लागतो, कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे विचारावे लागते.

कारण औषध त्यावरच ठरते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन हे मोठे वरदान आहे आणि योग्य मात्रेत, वेळच्या वेळी दिल्यास त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र सांध्यांच्या जुन्या दुखण्यावर मॉर्फिन वाढवीत जाण्याने दीर्घकाळात फारसा लाभ होत नाही. बद्धकोष्ठ, गुंगी, शरीराला होणारी सवय हे त्रास मात्र वाढतात. अशा दुखण्यावर साधी वेदनाशामके, शेक, बेताचा व्यायाम, फिजिओथेरपी आणि काठीचा वा वॉकरचा आधार ह्यांची सांगड घालावी लागते. नसांच्या दुखण्यावर नैराश्याची किंवा फेफऱ्याची म्हणून ओळखली जाणारी काही औषधे कमी मात्रेत देतात. डॉक्टरांनी आपल्याला मानसिक रुग्ण ठरविले, असे समजून ती टाकून देऊ नयेत. दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडे वा हृदय दुबळे असलेल्यांना घातक ठरू शकतात. चालू असलेले मॉर्फिन एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. जखम बांधताना कळा येत असतील, तर पट्टी बदलण्याच्या काही वेळ आधी वेदनाशामक देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. दुखणे पूर्ण जाईल असे आश्वासन दरवेळी देता येत नाही. परंतु रात्रीची झोप, दाराबाहेर बसण्याइतकी शक्ती, नातवंडाला मांडीवर घेण्याइतका आराम एवढे उद्दिष्ट बहुधा गाठता येते.

ह्या शास्त्राची आधुनिक पायाभरणी करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स ह्यांनी १९५८ पासून लंडनमधील सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम केले. ही संस्था कॅथलिक धर्मभगिनींची होती. शरीराच्या, मनाच्या, नात्यांच्या आणि आत्म्याच्या वेदना एकत्र गुंफलेल्या असतात, असा विचार त्यांनी मांडला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. २०१४ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन उपलब्ध होण्याची वाटही काहीशी सुकर झाली. तरीही कर्करोग नसलेल्या रुग्णांपर्यंत ही सेवा अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

वेदना अर्पण करणे आणि वेदना शमविणे

आपल्या भाविकांच्या मनात एक प्रश्न असतो. प्रभू येशूने दुःख सोसले, मग आम्ही औषध घेऊन ते टाळावे काय? काही वृद्ध मंडळी ह्याच भावनेने गोळी बाजूला ठेवतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत स्पष्ट आहे. १९५७ साली पोप पायस बारावे ह्यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना वेदनाशामकांचा वापर योग्य ठरविला. मृत्यू घडवून आणण्याचा हेतू नसेल, तर आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असतानाही वेदना शमविणे नीतीला धरून आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. औषधानंतर जे दुखणे उरते, ते प्रभूच्या चरणी अर्पण करता येते. जे दूर करता आले असते ते दुसऱ्याला सोसावयास लावणे म्हणजे अर्पण नव्हे.

संत कॅमिलस ह्यांनी ही सीमारेषा आपल्या आयुष्यात अचूक ओळखली होती. स्वतःच्या जखमेला त्यांनी कृपा म्हटले आणि दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधली. ह्या दोन्हींची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. आपणही आपल्या घरातील दुखणाइतांना सोसण्याचा उपदेश करण्याआधी त्यांच्या खाटेशी बसावे, दुखणे कसले आहे ते विचारावे आणि ते लिहून घेऊन डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्या सेवकांनी आणि धर्मग्रामातील भक्तिमंडळांनी आपल्या भेटीत दहा मिनिटे नुसते ऐकण्यासाठी राखून ठेवावीत. घरी शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा मुलीला आठवड्यातून एक दुपार विसावा मिळेल, अशी व्यवस्था शेजाऱ्यांनी करावी. ह्याला ना निधी लागतो, ना इमारत.

न भरणाऱ्या जखमा घेऊन जगणाऱ्या आपल्या साऱ्या बंधुभगिनींना धीर लाभो आणि त्यांच्या खाटेपाशी हातांत काळीज असलेली माणसे कधी कमी न पडोत. रुग्णांचे सेवक संत कॅमिलस, आम्हांसाठी विनंती करा.